लाजाळूला कळलं

देवाची फुलं चप्पल घालून तोडायची नाहीत, हा माझ्या वडिलांचा, अण्णांचा, जुना हट्ट. आज सकाळी ते परसातून परडी घेऊन आत आले आणि फरशीवर त्यांच्या डाव्या पावलामागे रक्ताचे ठिपके उमटत गेले.

"अण्णा, थांबा! पायात काय गेलंय?"

"कुठं काय? मला तर काही टोचलं नाही."

मी दारातून बाहेर पाहिलं. जास्वंदीखाली लाजाळू पसरली आहे. अण्णा जिथून चालत आले होते, तिथलं पान न् पान मिटलेलं. मी हादरलोच. ज्याला मेंदू नाही, नस नाही, त्या रोपट्याला त्यांचं पाऊल कळलं होतं. आणि इतक्या वर्षांच्या मधुमेहात ते पाऊल कधी बधिर झालं, हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. त्यांनाही नाही.

त्यांना खुर्चीत बसवून मी पाऊल मांडीवर घेतलं. लिंबोणीचा काटा रुतला होता, चांगला बोटाच्या पेराएवढा. तो ओढताना माझेच दात आवळले गेले. अण्णा परडीतली जास्वंद नीट लावत होते.

"अरे, काढतोयस ना? पूजा खोळंबलीय."

काटा केव्हाच माझ्या चिमटीत होता.