बैठकीचं माप

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी द्वारका पोळ ओल्या कातड्यावर हात ठेवून झोपी जाते. झोपायचं तिच्या मनातही नसतं.

आजऱ्याच्या वेशीबाहेर तिची पत्र्याची शेड. डोक्यावरचा पंखा गरम वारा फिरवतोय. समोर सागवानी खुर्चीचा सांगाडा उभा आहे: चार पाय, चार दांड्या, ना खिळा ना डिंक. सांधे मुद्दाम सैल ठेवलेले, म्हणजे रानातल्या खाचखळग्यांतही चारी पाय टेकतात. काम संपलं की दांड्या उपसायच्या, कातड्यात गुंडाळायच्या आणि खांद्याला लावून निघायचं. सांगाडा सुतार करून देतो. पण खुर्ची उभी राहते ती कातड्याच्या ताणावर, आणि ताण येतो मापातून.

दोन दांड्यांमधलं अंतर हे पुरं माप. पण कातडं माणसाच्या वजनानं ताणतं, म्हणून पुऱ्या मापापेक्षा काही बोटं आखूड कापायचं. किती, ते बसणाऱ्यावर. आण्णा, म्हणजे द्वारकाचे वडील, गिऱ्हाईक शेडची पायरी चढताना नुसतं बघायचे. मग ओल्या कातड्यावर उजव्या अंगठ्याचं नख दाबायचे. त्या कामासाठीच वाढवलेलं नख. खूण उठली की तिथं रापीनं कापायचं.

आण्णांना जाऊन आठ महिने झाले. टेबलावरचं कातडं त्यांनी कमावलेलं शेवटचं. एका बैठकीपुरतं. खूण ओल्यावरच उठते, म्हणून सकाळी भिजवलेलं; वाळायच्या आत कापायला हवं. उद्या सकाळी आठला घोरपडे मॅडम खुर्ची न्यायला येणार आहेत. त्या जंगलात तंबू ठोकून पक्ष्यांच्या नोंदी करतात. द्वारकानं त्यांना कधी पाहिलेलं नाही. फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, बासष्ट किलो. बासष्ट किलोची बोटं किती, हे तिला सकाळपासून उमगलेलं नाही.

पंखा थांबतो. की पंख्याचा आवाज तेवढा थांबतो.

"कातडं उन्हात ठेवलीस व्हय गं?"

आण्णा दारात उभे आहेत. बनियन, खाकी हाफ पँट, कानावर विडी.

"सावलीतच हाय की," द्वारका म्हणते. तिला आश्चर्य वाटत नाही. "तुमीच उशीर केलासा."

"एस.टी. चुकली."

ती कातडं खांद्यावर टाकते आणि त्यांच्या मागून चालू लागते. शेडच्या मागच्या दारातून दोघं थेट एस.टी. स्टँडवर येतात. बाकं कुणीतरी काढून नेली आहेत. त्यांच्या जागी खुर्च्या, आण्णांनी जन्मभर केलेल्या सगळ्या, रस्त्याकडे तोंड करून ओळीनं मांडलेल्या. एकीवरही माणूस नाही. तरी प्रत्येकीची बैठक आपापल्या माणसाएवढी वाकलेली.

आण्णा ओळीतून हात फिरवत जातात. "ह्यो रेंजर. लई जड, साडेचार बोटं. ही नकाशावाली बाई, अडीच. ह्यो कंत्राटदार हलत बसायचा, म्हणून आणि अर्धं."

"आण्णा, बासष्ट किलोला किती?"

"किलो मला कळत न्हाईत. चालून दाखव ती कशी चालती ते."

द्वारका फलाटावर चालते. मान ताठ, एक हात दुर्बिणीवर धरल्यासारखा. आण्णा पोट धरून हसतात.

"ह्यी तर तूच चाललीस की गं! अगदी आईगत, पाय घासत."

"मग काय करू? न बघता कसं कापू? चुकलं तर संपलं सगळं. तुमच्या हातचं दुसरं कातडं कुठनं आणू?"

तिचा आवाज स्टँडवर घुमत नाही. खाली पाणी आहे. त्यांच्या पायांखाली आता नदी आहे, कातडी धुवायची जागा, घोट्याएवढं पाणी, आणि सैल सांध्यांची तिची खुर्ची गोट्यांवर नीट टेकून उभी आहे. कातडं खांद्यावरून कधी उतरलं आणि दांड्यांवर कधी चढलं, तिला कळत नाही.

आण्णा आपल्या खुर्चीत कधी बसले नाहीत. साहेबांच्या बंगल्यावर खुर्ची पोचवायची आणि आपण पायरीखाली भुईवर टेकायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरीसुद्धा ते बैठकीवर वाळूचं पोतं ठेवून ताण बघायचे.

"आण्णा," ती म्हणते, "हितं बसा की."

"मी?"

"एकदा. कोण बघतंय?"

ते इकडेतिकडे पाहतात. खरंच बघतात, कुणी आहे का ते.

"आणि माप कुणाचं धरशील? माझं वजन आता किती भरणार, बाय?"

"भरंल तेवढं भरू दे."

आण्णा विडी कानावरून काढून तिच्या हातात देतात आणि बसतात. आधी टोकावर, मग मागे सरकून. कातडं जरासुद्धा वाकत नाही. ते हात दांड्यांवर पसरतात, मान मागे टाकतात.

"बरी हाय गं," ते म्हणतात. "इतकी बरी असती, म्हाईत नव्हतं."

मग वाकून कातड्याच्या कडेला अंगठा दाबतात. खूण कुठे उठली ते बघायला द्वारका खाली वाकते, आणि एस.टी.चा हॉर्न वाजतो.

"द्वारके! चा निवला गं!"

तीन वाजून पाच मिनिटं. आई कप घेऊन दारात उभी आहे. पंखा फिरतोय. द्वारकाच्या गालावर कातड्याचा ओलावा आहे.

"तोंड धू जा आधी," आई म्हणते, आणि कप ठेवायला वाकलेली तशीच थांबते. कातड्याच्या कडेजवळ नखाची खूण आहे. अर्धगोल, खोल. आई तिच्यावरून बोट फिरवते.

"ह्ये कुणी मारलं?"

द्वारका आपले अंगठे बघते. नखं तिनं रविवारी मुळापर्यंत कापली आहेत. आईचीही तशीच, कामानं झिजलेली. द्वारका कातडं उचलून सांगाड्यावर धरते आणि मोजते, मग पुन्हा मोजते. खूण बरोबर पुऱ्या मापावर आहे. एक बोटही आखूड नाही. इथं कापलं तर जिवंत माणूस बसताच बैठक झोळीसारखी लोंबेल.

"उद्या बाई येणार न्हवं?" आई विचारते.

"व्हय. आठला."

आई पदरानं डोळे पुसते आणि सांगाड्याच्या समोर भुईवर बसते.

चार वाजता कातड्याच्या कडा फिकट पडू लागल्या आहेत. मध्यभागी ओल आहे. रापीला धार लावून झाली आहे. द्वारकानं ती अजून उचललेली नाही.