ढोरांच्या डॉक्टरांची फॉरेन पॉलिसी

अंधेरीत माझं पेंड-भुशाचं दुकान. गिऱ्हाईक पोतं घेऊन जातं आणि एखादी गोष्ट ठेवून जातं. पोती रिकामी होत गेली, गोष्टी मात्र साठतच राहिल्या. त्यात सगळ्यात जास्त एकाच माणसाच्या. डॉक्टर देवकुळे, ढोरांचे डॉक्टर. ते गेल्याला आता वर्ष होईल. चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, "शेठ, डॉक्टरांचा एखादा किस्सा होऊन जाऊ दे!" मी सांगतो. लोक हसतात. मी हल्ली कमी हसतो.

*

आमची ओळखच भांडणातून झाली. एका तबेल्यातली म्हैस चारा खाईना म्हणून मालकानं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी म्हैस तपासली, मग गव्हाणीतली पेंड हुंगली आणि मालकाला घेऊन थेट माझ्या दुकानात आले. भर गिऱ्हाइकात म्हणाले, "म्हैस ठणठणीत आहे. आजारी आहे ती ह्यांची पेंड!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोतं फोडून पाहिलं, तर पेंड खरंच कुबट! गुमान माल परत घेतला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर समोरून जाताना दिसले तेव्हा मीच हाक मारली, "या, चहा घ्या."

बाकावर बसत म्हणाले, "दूध हुंगून घेतलंस ना रे, शेठ?"

*

पुढे इलेक्शन आलं आणि राज्यावर असलेल्या पार्टीनं डॉक्टरांना तिकीट दिलं. उपनगरातला एकही तबेला, एकही गोठा त्यांच्या पायाखालून सुटला नव्हता. माणूस लोकांचा, सीट नक्की, असा हिशेब.

पहिली सभा पार्ल्याला. पार्टीचे सेक्रेटरी तात्या, त्यांनी बजावून सांगितलं होतं, "डॉक्टर, रस्ते, गटारं आणि नळ. चौथा विषय नको." डॉक्टर उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला तिबेटात पोचले!

"चीननं तिबेट गिळलं. आता त्यांच्या नकाशात आपला मुलूख दिसायला लागलाय. आणि आपण भाई-भाई म्हणत हार घेऊन उभे! मी ह्याच पार्टीचा उमेदवार आहे, म्हणून मीच सांगतो, आपली ही पॉलिसी चुकते आहे."

तात्यांच्या कपाळावर घाम. मागून एक पार्लेकर ओरडला, "डॉक्टर, हिमालय राहू द्या, आमच्या नळाला पाणी नाही!"

डॉक्टर म्हणाले, "पाणी हिमालयातूनच येतं, साहेब!"

"आमचं विहार तलावातून येतं!"

सगळ्यात मोठ्यानं हसले ते डॉक्टरच. पण हसून झाल्यावर त्यांनी पुन्हा तिबेटच धरलं. अर्धी सभा उठून गेली. मी बसून राहिलो. चार यत्ता शिकलेला मी. पुढचं वाचन पुड्या बांधायच्या रद्दीतून. रद्दीत नेहमी जुनीच बातमी मिळते. होऊन गेलेलं सांगणारे पुष्कळ पाहिले होते, व्हायच्या आधी सांगणारा हा पहिलाच.

*

खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या सभेत बायका पुढे, मासळीच्या पालथ्या पाट्यांवर बसलेल्या. डॉक्टर तासभर नकाशा, सरहद्द, करार समजावत होते. जांभया सुरू झाल्या. तेवढ्यात हिराबाई उठली. मासळीबाजारात तिच्याशी घासाघीस करायला कुणी धजत नसे.

"डाक्टर, आमी दर्यान खांब रोवताव, त्याला जाल बांधताव. कोनचा खांब कुठं, सगल्या गावाला ठावूक. उद्या आमचे खांबाला दुसऱ्यान जाल बांधला, तर आमी काय त्याला हार घालू?"

सभा टाळ्यांनी दणाणली. डॉक्टरांनी दोन्ही हात जोडले. "बाई, मी तासभर बोललो. तुम्ही भाषण केलंत."

त्यानंतर प्रत्येक सभेत ते हिराबाईचं वाक्य सांगत, आणि तिचं नाव घेऊन सांगत. पार्टीच्या ऑफिसात कुणीतरी कुचेष्टेनं म्हणालं, "आता परराष्ट्र खातं कोळणी चालवणार!"

डॉक्टरांच्या कानावर गेलं. म्हणाले, "चालवतील. त्यांना आपली हद्द तरी माहीत आहे."

*

मग वरून निरोप आला. तात्या माझ्याकडे आले, खिशात एक चिठ्ठी. "शेठ, तुमचं ऐकतात ते. फक्त सही घ्या. नाहीतर तिकीट कापलं जाईल." चिठ्ठीत एकच ओळ, 'माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला आहे.'

मी तबेल्यात गेलो. म्हैस अडली होती आणि डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत. रेडकू बाहेर येईस्तोवर मी चिठ्ठी धरून उभा. मग त्यांनी हात धुतले, म्हणाले, "वाच."

मी वाचलं.

"विपर्यास कुणी केला?"

"कुणीच नाही. पण डॉक्टर, एक ओळ आहे हो! निवडून या, मग काय ते बोला."

"एक ओळच आहे ना? मग नीट असू दे." माझ्याकडून पेन घेतलं, 'झाला आहे' खोडून 'झालेला नाही' केलं आणि खाली झोकात सही ठोकली!

ती चिठ्ठी तात्यांच्या हातात मीच नेऊन दिली. दोन दिवसांत तिकीट दुसऱ्याला.

*

डॉक्टर अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं होडी. माझ्या दुकानाच्या भिंतीवर त्यांचं मोठं पोस्टर होतं. एक दिवस तात्या आले, पोस्टरकडे बघत राहिले. जाताना म्हणाले, "शेठ, भिंतीला चुना द्यायला झालाय." बस, एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

दुकानाचं लायसन कुठून येतं ते मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी भिंत पांढरी.

संध्याकाळी डॉक्टर आले. भिंतीला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं. "अजून ओला आहे रे. टेकू नकोस, सदरा खराब होईल." आणि नेहमीसारखा चहा प्यायले.

मी माझा कप तसाच खाली ठेवला. मी म्हणालो, "डॉक्टर, खारदांड्याच्या बूथवर तुमचा एजंट म्हणून मी बसणार." ते नुसतं "बस" म्हणाले.

*

त्या इलेक्शनला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. पडद्याआड पेट्या मांडलेल्या. ज्याला मत द्यायचं त्याच्या चिन्हाच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. हिराबाई आपल्या आळीतल्या बायकांना घेऊन आली. नव्या साड्या, अंबाड्यात फुलं, जणू नारळी पुनवच. एकेक आत जाई, हात जोडतच बाहेर येई. मी मनात म्हटलं, झकास! खारदांडा आपला.

मतदान संपल्यावर ऑफिसर पडद्यामागे गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ताट भरेल एवढी फुलं आणि मतपत्रिकांचा जाड गठ्ठा. कागदांना हळदीकुंकू लागलेलं.

"होडीच्या पेटीवर होत्या," ते म्हणाले. "वर ठेवलेल्या. आत एकही टाकलेली नाही."

होडीला वाहायचं ते नाळेवर, म्हणजे तिच्या पुढच्या टोकावर, ठेवतात. फटीतून आत कोंबत नाहीत. बायकांनी होडीला वाहिलं होतं.

मी भांडलो, हातापाया पडलो. ऑफिसर भला माणूस, पण नियम म्हणजे नियम. सगळी मतं रद्द! एवढ्यांनी डॉक्टर निवडून आले नसते, पण अनामत वाचली असती. मी येऊन त्यांना सांगितलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाकावर बसले होते. डोक्यावर पाटी घेऊन हिराबाई आली, खारदांड्याहून अंधेरीपर्यंत, मुद्दाम. पाटी खाली ठेवली.

"डाक्टर, लोक काय काय बोलतान. खरा सांग. आमची मतां तुला पोचली ना रे?"

मी मान खाली घातली. आता हा माणूस सांगणार, जसंच्या तसं सांगणार.

डॉक्टर उठून उभे राहिले.

"पोचली, बाई. तुमच्या आळीची सगळीच्या सगळी पोचली. इतर ठिकाणी कमी पडलो."