विहीणबाईंची रेघ

आमच्या विहीणबाईंनी रेघ ओढली नाही असा कोरा कागद आता डोंबिवलीत उरला नसावा. विजेच्या बिलाची मागची बाजू, औषधाच्या खोक्याचा आतला पुठ्ठा, वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या चौकटीभोवतीची मोकळी जागा, सगळीकडे त्यांच्या रेघा एकीखाली एक शिस्तीत पडलेल्या असतात. एकदा मी सुनेच्या हाती त्यांना सत्यनारायणाचं निमंत्रण पाठवलं, तर ते आठवड्याने आमच्याकडेच परत आलं. पाठीमागे बारीकपासून जाडपर्यंत चढत गेलेल्या रेघा, आणि खाली शेरा : "शेवटच्या तीन बऱ्या आहेत." पूजेला येणार की नाही, याचा उल्लेख नव्हता. आल्या मात्र, आणि चौरंगाभोवतीचे केळीचे खुंट पाहून म्हणाल्या, "काय सुंदर उभी रेघ आहे हो ही!"

या विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेच्या आई. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात खरेदी खात्यात त्यांनी उभं आयुष्य काढलं, आणि तिथे त्यांच्या शब्दापुढे जायची मालकाचीही छाती नव्हती, असं सून सांगते. निवृत्त झाल्यावर चारजणी भजनी मंडळात जातात, या चित्रकलेच्या क्लासला गेल्या. तिथल्या मॅडम वयाने आमच्या सुनेहूनही लहान. पहिल्याच आठवड्यात त्या पोरीने यांचा कागद उजेडात धरला आणि म्हणाली, "काकू, तुमच्या रेघेला केस आलेत." एका दमात न ओढता घाबरत घाबरत तुकडे जोडत नेलेली रेघ सुरवंटासारखी दिसते, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण जिच्या सहीशिवाय कारखान्यात साधा खिळा येत नसे, तिच्या रेघेला केस? विहीणबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी उपाय विचारला. "मनगटातून नाही काकू, खांद्यातून ओढा. आणि आधी हवेत हात फिरवून बघा, मग पेन्सिल टेकवा." हा मंत्र त्यांनी गुरूकडून दीक्षा घ्यावी तसा घेतला.

तेव्हापासून त्या सगळंच खांद्यातून करायला लागल्या. पोळ्याही खांद्यातून लाटायला लागल्यामुळे त्या तव्याबाहेर लोंबू लागल्या आणि आमच्या व्याह्यांना घडी घालून वाढाव्या लागल्या. हवेतल्या सरावाने तर त्यांनी अख्ख्या डोंबिवलीला कामाला लावलं. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्या समोरच्या गुलमोहराची फांदी हवेत गिरवायच्या, की इकडून तिकडून रिक्षा येऊन थांबायच्या. "कुठे जायचंय मावशी?" "कुठेच नाही. फांदी बघतेय." एकदा सोसायटीच्या सभेत अध्यक्षांच्या टकलाची गोलाई आवडली म्हणून त्यांनी हात वर करून ती हवेत दोनदा गिरवली. त्या वेळी सेक्रेटरी कोण होणार, असा प्रश्न विचारला गेला होता आणि बराच वेळ कोणी हात वर करत नव्हतं. टाळ्या पडल्या. विहीणबाई अजून त्या सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत, आणि पाण्याच्या टाकीबद्दलच्या नोटिशींभोवती महिरप असते.

पुढे क्लासमध्ये कागदाकडे न बघता, फक्त समोरच्या वस्तूकडे बघत चित्र काढायचा धडा आला. वस्तूकडे बघायचं ते मुंगीने कडेकडेने चालत जावं तसं. ठाण्यात तलावपाळीला बाकावर बसलेल्या एका सद्‌गृहस्थांच्या कडेकडेने विहीणबाईंची नजर अशी काही चालत गेली, की त्यांच्या पत्नी उठून आल्या. "ओळख आहे का तुमची यांच्याशी?" विहीणबाई नजर न हलवता म्हणाल्या, "नाही हो. पण कान फार छान आहेत. तुम्ही जरा बाजूला होता का?" ठाण्यातल्याच आमच्या कोपरीच्या बाजारात तर, जन्मात मासा न खाल्लेल्या या बाई, पापलेटासमोर ठाण मांडून बसल्या. मासळीवाली वैतागली. "बाय, घ्याचा हाय का नुस्ता बगाचा हाय?" "थांब गं, शेपटीचं वळण आत्ता कुठे जमतंय." शेवटी तो पापलेट विकत घेऊन त्यांनी आमच्या ओट्यावर ठेवला, चित्र पुरं केलं आणि "आता याचं तुम्ही काय ते बघा," म्हणून निघून गेल्या.

माणसं मात्र त्यांना मिळेनात. व्याही पहिले काही दिवस निमूटपणे बसले. मग त्यांना बाहेरची कामं सुचायला लागली. नळाचं वॉशर आणायला म्हणून ते थेट कल्याणला जायचे. अशात मी बाथरूममध्ये घसरलो आणि पायाचं हाड मोडलं. लोक शहाळी घेऊन भेटायला आले. विहीणबाई ड्रॉइंग बोर्ड घेऊन आल्या. माझ्या प्लास्टरकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"भाऊ, किती छान!"

"काय छान?"

"तुम्हाला उठता येणार नाही."

मग दर मंगळवारी आणि गुरुवारी, मुलगा-सून ऑफिसला गेली की दुपारी त्या डोंबिवलीहून यायच्या. मी दाढी करून खिडकीजवळ बसायचो. "हलू नका." "श्वास घेऊ?" "हळू घ्या." चित्रांत माझं नाक कल्याण जंक्शनसारखं यायचं, चहूकडच्या रेघा तिथे येऊन मिळायच्या. मुलाने एक चित्र पाहून "हे कोण?" असं विचारलं, तेव्हा सून आईची बाजू सावरत म्हणाली, "बाबांचे काका असतील."

एका गुरुवारी मात्र त्यांची पेन्सिल मध्येच थांबली.

"भाऊ, दर वेळी मी तुम्हाला समोर बघा म्हणते आणि थोड्या वेळाने तुमचे डोळे डावीकडे गेलेले असतात. मला वाटायचं माझंच चुकतंय. दर वेळी खोडत होते. आज नाही खोडणार. तिकडे काय आहे?"

तिकडे स्वयंपाकघराचं दार होतं. दुपारच्या त्या वेळी आमची ही त्या दारातून चहा घेऊन यायची. तिला जाऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. मी छान सावरलो, असं सगळे म्हणायचे. मीही तेच सांगायचो. "काही नाही," असं म्हणायला गेलो आणि म्हणालो, "ही चहा घेऊन यायची तिकडून."

विहीणबाईंनी बोर्ड खाली ठेवला. समजूत घातली नाही. म्हणाल्या, "कशा दिसायच्या हो त्या? फोटोतल्या नाही. त्या दारातून येताना."

मी सांगितलं. दोन्ही हातांत कप असायचे, म्हणून दार कोपराने ढकलायची. दुपारपर्यंत टिकली जरा सरकलेली असायची. बाहेर आल्यावर आधी माझ्याकडे नाही, खिडकीतल्या तुळशीकडे बघायची. सांगता सांगता मला असं बरंच काही आठवत गेलं, जे कुणी विचारलंच नव्हतं. उजेड उतरेपर्यंत मी बोलत होतो. विहीणबाईंनी त्या दिवशी एकही रेघ ओढली नाही. मग उठून त्यांनी चहा केला. त्यात साखर नव्हती. दोघांनी तो तसाच प्यायला.

आता माझं प्लास्टर निघालंय, आणि विहीणबाईंनी माणसं सोडून झाडं घेतली आहेत. शहाडला नदीकाठी जाऊन बसतात. झाडांची तब्येत बरी असली तरी ती उठून जात नाहीत, असं त्यांनी फोनवर सांगितलं. गुरुवारी दुपारी मी अजूनही दाढी करून खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. सुनेचं घरून काम असलं की ती विचारते, "बाबा, कुठे निघालात?" मी म्हणतो, "नाही गं, इथेच आहे." मग डावीकडे बघतो, आणि कुणी पाहिलं तरी नजर काढून घेत नाही.