चष्म्याचं कलम

तहवाल्या काकांनी दुसरा घरोबा केला, ही बातमी तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या दुकानातून निघाली आणि एक काज पुरं व्हायच्या आत तिसऱ्या मजल्यावर पोचली. पुरावा भक्कम होता. परक्या बाईच्या दारात काका मान खाली घालून उभे, हातात कसलंसं पाकीट, समोर नऊ-दहा वर्षांची मुलगी. काकूंच्या कानावर गेलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत, दुसरं घर कुठून सापडायचं, म्हणाल्या आणि खरं काय ते सांगून मोकळ्या झाल्या.

काकांचं काम तह घडवायचं. वेगळ्या झालेल्या नवरा-बायकोला कोर्टामागच्या खोलीत बसवायचं आणि मुलांच्या पोटगीचा करार लिहायचा. टेबल मुद्दाम गोल; चौकोनी टेबलाला बाजू असतात, असं त्यांचं म्हणणं. आणि एक खोड. मसुदा झाला की तो दोघांकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा, एक कलम आईनं, एक बापानं. लोक कंटाळायचे, पण चुका तिथंच पकडल्या जायच्या.

त्या दिवशी पाचवं जोडपं होतं. काका दमले होते. आधीच्या कराराची नक्कल काढली, नावं बदलली, वाचलंय मी सगळं, म्हणाले आणि सह्या घेतल्या.

दीड महिन्यानं त्यातली आई परत आली. भांडली नाही. कागद टेबलावर सरकवून म्हणाली, "काका, यात दर वर्षी चष्म्याचा खर्च लिहिलाय. आमच्या मुलीला चष्मा नाही. तिच्या कानाला यंत्र आहे."

चष्मा आधीच्या जोडप्याच्या मुलीचा होता. यंत्राच्या सेलचा उल्लेख कुठंच नव्हता. आजवर बापच आणायचा, म्हणून आई वाट बघत राहिली. पोटगीत सगळं आलं, म्हणून बाप निर्धास्त. आणि पोर तीन आठवडे बंद यंत्र कानात घालून वर्गात बसली. शाळेतल्या बाईंना कळलं ते श्रुतलेखनाच्या कोऱ्या पानांवरून.

काकांना तोंड लपवायला जागा राहिली नाही. नवं कलम लिहून ते बापाकडे गेले, वाचून घेतलं, माफी मागितली. जाऊ द्या हो, होतं असं, तो म्हणाला. ते जास्तच लागलं. मग आईचं घर. सेल तिनं केव्हाच आणले होते. तरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून काकांनी सेलचं एक पाकीट घेतलं. दार मुलीनंच उघडलं. अगं, घरी सांगितलं का नाहीस, काकांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर त्यांना परत तुमच्याकडे यावं लागलं असतं," ती म्हणाली. "तुमच्याकडून आली की आई दोन दिवस बोलत नाही."

पाकीट तिच्या हातात देऊन काका जिना उतरले.

पुढच्या आठवड्यात पँट आखूड करायला ते शिंपीणबाईंकडे गेले. जुन्या मापावर कापू नका, पुन्हा घ्या, असं तीनदा बजावलं. बाईंचा आधीच हिरमोड झालेला. एवढी झणझणीत भानगड, आणि निघाले काय, तर सेल. त्यांनी टोचलंच, की कुणी बोल लावला नाही, वरून कुणी विचारलं नाही, मग दारोदार नाक घासत कशाला फिरायचं? त्या पोरीनं तरी तक्रार केली होती का?

"नव्हती केली," काका म्हणाले. "म्हणून तर जावं लागलं."