दोराच्या वरच्या टोकाला सिदू

लढाईच्या वर्षांत आमची कंपनी इटलीला जाण्याआधी साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या कड्यांवर तंबू ठोकून होती. हुकूम साधा होता. डोंगरावरून जखमी माणूस दोराने खाली उतरवायला शिका. मी कऱ्हाडजवळच्या मलकापूरचा. घरच्या विहिरीवर मोट हाकलेली असल्यामुळे दोराचं मला कुणी शिकवायला नको, असा माझा समज होता. तो पहिल्याच दिवशी गळून पडला.

आम्हाला पंजात मावेल एवढी पोलादी कडी मिळाली. एका बाजूला स्प्रिंगने उघडणारी फट. इंग्रजीत तिला कॅराबिनर म्हणत, आमच्या तोंडी ती कडीच राहिली. तिच्यात दोराचे दोन वेढे घातले की एका माणसाच्या हातांना दोन माणसांचं वजन पेलतं. स्वतः उतरायचं तर तीच कडी, खालच्याला वरून सांभाळायचं तर तीच, स्ट्रेचर सोडायचं तरी तीच. फक्त दोर धरणाऱ्याने हात सोडायचा नाही.

माझा जोडीदार सिदू, आटपाडीकडचा. मेंढरांमागे वाढलेला, उंच आणि काटक. कड्याच्या अगदी काठावर उभा राहून तो बिडी ओढायचा आणि मी दोन हात मागे असायचो.

“तुमी उसाच्या रानातली मानसं,” तो म्हणायचा. “अंगात पानी लय. म्हनून दोराला जड लागता.”

शिकवायला एक गोरा सार्जंट होता. दोर आवळून घ्यायचा असला की तो “टेक इन!” असं ओरडायचा. पहिल्या दिवशी सिदूने ते ऐकलं आणि शिस्तीत मागच्या खडकाला पाठ टेकली. सार्जंट लाल झाला. “टेक! टेक!” सिदू सरळ खाली बसला. “आवं सायब, टेकलोय की!” आणि दोराला लोंबकळत मी दोघांनाही शिव्या देत होतो. शेवटी सार्जंटानेच हात टेकले आणि आमचे शब्द आम्हाला वापरू दिले. खालच्याने विचारायचं, “हाय का?” वरच्याने सांगायचं, “हाय.” उत्तर आल्याशिवाय पाय हलवायचा नाही.

निघायच्या आधीच्या आठवड्यात जिवंत माणूस उतरवायचा सराव ठेवला. जखमी म्हणून मिरजेचा लान्स नाईक रामा निवडला, कारण कंपनीत सगळ्यात हलका तोच. त्याला कांबळ्यात गुंडाळून स्ट्रेचरला आवळला. स्ट्रेचर खडकावर आपटू नये म्हणून मी शेजारी, त्याच दोराला कमरेने बांधलेला. वर कडी एका खडकाला पक्की केली होती आणि दोर सिदूच्या हातात होता. त्याच्या मदतीला आणखी दोघे होते. बाकी सगळे सार्जंटाबरोबर पायथ्याला.

सकाळी आठला सुरुवात केली. निम्मा कडा उतरलो असू. दोराच्या घासण्याने काठावरचा एक दगड सुटला, आमच्या बाजूने गेला आणि डावीकडच्या कपारीत आदळला. तिथे आग्या मोहोळ होतं, सुपाएवढं.

माशा उठल्या. वारा दरीतून वर जात होता, त्याच्याबरोबर तो काळा लोट काठावर गेला. मला चार-पाच डसल्या. रामा कांबळ्यामुळे वाचला. कड्याचा माथा पुढे आलेला असल्यामुळे वरचं काही दिसत नव्हतं.

“सिदू! हाय का?”

“हाय!”

“माशा आल्या का रं वर?”

“गप उतर!”

वरचे दोघे, हे नंतर कळलं, कांबळी डोक्यावर घेऊन रानात पळाले. त्यांनी बरोबरच केलं, मी त्यांना कधी दोष दिला नाही. सिदूलाही पळता आलं असतं. दोर कडीला गाठ मारून अडकवायचा आणि निघायचं. पण मग आम्ही दोघे मोहोळाशेजारी लटकत राहिलो असतो. त्याचे हात थांबले नाहीत. दोर नेहमीच्या चालीने सुटत राहिला, हिसका नाही, धक्का नाही.

रामा डोळे मिटून पडला होता. “दोर थांबलाय का रं?”

“न्हाई. चालू हाय.”

मी पुन्हा हाक दिली. या वेळी उत्तर उशिरा आलं, पण आलं. “हाय.”

पाय जमिनीला लागले. मी गाठी सोडल्या आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, “सिदू, मोकळं! पळ!”

उत्तर आलं नाही. दोर तसाच लटकत राहिला.

पायवाटेने वर पोचलो तेव्हा माशा पांगल्या होत्या आणि तो कडीजवळ पालथा पडला होता, दोर मुठीत. चेहरा ओळखू येत नव्हता. श्वास चालू होता. पायवाट लांबची, म्हणून त्याला त्याच कडीवरून खाली सोडला. दोर मी धरला. हाक खालून यायची पद्धत, त्या दिवशी खालून कुणी हाक दिली नाही. साताऱ्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला.

कंपनी ठरल्या दिवशी निघाली. इटलीत आम्ही पुष्कळ माणसं कड्यांवरून उतरवली. वर दोर धरणारे चांगले होते, माझा एकावरही राग नाही. पण कमरेला दोर बांधला की मला सिदू हवा असायचा. अजूनही हवा असतो. घरात नातवंडं आहेत, रानात ऊस उभा आहे, कशाची कमी नाही, आणि तरी त्याची आठवण आली की जेवण जात नाही. पलटणीच्या शिळेवर त्याचं नाव नाही. तो आघाडीवर पडला नाही, आणि तिथे पडलेल्यांचीच नावं कोरायची असा नियम आहे. शिळेपुढे सलाम करताना मी त्या यादीत एक नाव मनातल्या मनात वाढवतो.

पलटणीतून सुटून आल्यावर सांगलीहून आटपाडीकडे गेलो. सिदूचे वडील माळावर मेंढरं राखत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी काठीवर हनुवटी ठेवून ऐकलं.

“दोर सोडला का त्येनं?”

“न्हाई बाबा.”

“तुमी दोगंबी जगला?”

“जगलो.”

त्यांनी काठीवरची हनुवटी उचलली. मग म्हणाले, “दोर कुटं बांदला हुता तुला?”

मी कमरेला हात लावून दाखवलं. ते जवळ आले. माझा हात बाजूला करून त्यांनी आपला पंजा तिथे ठेवला.

“म्हंजी हितंपातूर हुता त्यो,” म्हणाले.

मेंढरं माळ ओलांडून पुढे गेली, तरी त्यांनी हात काढला नाही.