मामेसासऱ्यांचं आभाळ

आभाळावर इतका संशय घेणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा कुठल्याही खंडात सापडायचा नाही. बायकोवर, मुलांवर, सरकारवर त्यांनी आयुष्यभर डोळे मिटून विश्वास टाकला. आभाळावर कधी नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत तीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहिणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, आठ वाजता बाहेर पडणं सुटलं नाही. माझी बायको त्यांच्याच घरी वाढली, म्हणून मामी गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आयर्लंडला आणलं. लिमरिकपासून अर्ध्या तासावर, सपाट कुरणांच्या मधोमध आमचं छोटं गाव आहे आणि मी तिथल्याच एका कारखान्यात हृदयात बसवायच्या नळ्या तपासतो. मामांची नीट ओळख करून द्यायची तर मी त्यांच्याशी कसा वागलो तेही सांगावं लागेल. तीन वर्षं टाळलं. आता सांगतो.

विमानातून उतरले तेव्हा मामांच्या सामानात दोन स्वेटर, पंचांग आणि खुणा केलेलं एक काचेचं मापपात्र होतं. दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला, कानटोपी आणि लग्नातला कोट अशा वेषात ते अंगणात उभे. बाहेर इथला नेहमीचा पाऊस होता, म्हणजे धड पाऊसही नाही आणि धड धुकंही नाही. अर्धा तास भिजून आत आले आणि म्हणाले, "जावईबापू, ह्यो पाऊस पडत न्हाई, लोंबतो. ह्याची नोंद करायची कशी?" पंचांगात प्रत्येक पावसाच्या नक्षत्राला वाहन असतं, हत्ती, म्हैस, मेंढा वगैरे. मामांनी महिनाभर निरीक्षण करून निकाल दिला, की या देशाला बारा महिने बेडूकच आहे, त्याची बदली होत नाही. पण त्यांचा अंदाज चुकायचा नाही. गवताचा वास, कावळ्यांची उंची, गुडघ्यातली कळ आणि समोरच्या धुराड्याचा धूर यांची बेरीज करून ते सांगायचे, आणि तसं व्हायचं. गल्लीतल्या बायका मामांचा पायजमा दोरीवर दिसला तरच आपले कपडे वाळत घालायच्या.

यातली सगळ्यात निष्ठावंत म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण, सत्तरीची विधवा बाई. सेंट पॅट्रिकच्या दिवशी, म्हणजे सतरा मार्चला, बटाटे लावायचे हा तिचा धर्म, आणि अक्षय्य तृतीयेला वेल लावायचे हा मामांचा. रोज चहाच्या वेळी ती भिंतीशी येऊन मला विचारायची, "युवर मॅन काय म्हणतोय आज?" म्हणजे आपला गडी काय म्हणतोय. मामा शेजारीच उभे असले तरी विचारायची मलाच. मग मामा कचेरीतल्या इंग्रजीत थेट हुकूम सोडत, "मॅडम, टुमारो रेन आफ्टर लंच. पोटॅटो वर्क मॉर्निंग ओन्ली!" गल्लीत पहिला नवा बटाटा दरवर्षी तिच्याच ताटात पडायचा. या मानावर ती वर्षभर जगायची, आणि मामा आल्यापासून त्यातला निम्मा मान ती उघडपणे त्यांना द्यायची.

तीन वर्षांपूर्वी मामांनी अक्षय्य तृतीयेला भोपळा, चवळी आणि मिरचीची रोपं वाफ्यात लावली. चार दिवसांनी पासपोर्टच्या कामासाठी बायको त्यांना घेऊन डब्लिनला, बॉल्सब्रिजच्या भारतीय दूतावासात गेली. मुक्काम एका रात्रीचा. संध्याकाळी पाचला मामांचा फोन आला. "जावईबापू, आज दंव गोठणार. वाफ्यावर जुन्या चादरी घाला, कडंनं दगड ठेवा. इसरू नका." मी हो म्हणालो आणि मोबाइलवर हवामान बघितलं. चार अंश. गोठायचा प्रश्नच नव्हता. थकलो होतो हे खरं, पण त्या सबबीमागे मी फार दिवस लपलो. खरी गोष्ट ही, की माझ्याच घरात मला कोणी काही विचारेनासं झालं होतं, आणि मामांचा अंदाज एकदा तरी चुकायला मला हवा होता. चादरी कपाटात राहिल्या.

सकाळी वाफा शिजवून काढल्यासारखा काळा पडला होता. मी उभा राहिलो, आणि मग पन्नाशीला आलेल्या इंजिनिअरला शोभणार नाही असं काम केलं. चादरी बाहेर काढल्या, नळीनं भिजवल्या, थोडी माती लावली आणि दोरीवर टाकल्या.

दुपारी मामा आले. आधी चादरी हाताळल्या, मग वाफ्याशी बसले.

"घातल्या होत्या?"

"हो मामा."

"दगड किती?"

"सहा."

"सहाच? वाफा बारा फुटांचा हाय." ते स्वतःशीच बोलले. "पण सहानंबी भागाय पायजे होतं. आमच्याकडं द्राक्षबागा राखल्यात ह्याच्यावर."

त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर मी चिडून खरं बोलून गेलो असतो. वहीत त्यांनी लिहिलं, 'चादर घालूनही जळाली. इथल्या थंडीस हा उपाय चालत नाही.' खाली सही केली.

दहा दिवसांनी शेजारीण भिंतीशी आली. रेडिओवर दंव सांगितलं होतं. "युवर मॅन काय म्हणतोय? बटाटे झाकू ना?" तिच्या काखेत जुने पडदे होते. मामांनी धुराकडे बघितलं, तो सरळ वर जात होता. "फ्रॉस्ट कमिंग, मॅडम. बट कव्हर नो यूज. आय हॅव ट्राइड." ती माझ्याकडे बघू लागली. मामाही बघू लागले. माझ्या हातात कप होता. एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं. तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "मामा, चहा थंड होतोय."

तिनं पडदे परत नेले. तिच्या बटाट्यांचा पाला त्या रात्री काळा पडला. पुढे पुन्हा फुटला, पण त्या वर्षी गल्लीतला पहिला बटाटा दुसऱ्याच घरी निघाला. ती भांडली नाही. भिंतीवरून हात करायची, विचारायची मात्र नाही. मामा चहाच्या वेळी बाहेर उभे राहत, भिंतीकडे पाठ करून, जणू सहजच. जुलैत म्हणाले, "तिकीट काढा. इथलं आभाळ मला कळत न्हाई." मी तिकीट काढलं.

या एप्रिलमध्ये त्यांना गावी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी पलीकडे पंखा बंद केला.

"त्या बाईला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय आधी? मी घरचा. तिनं मला इचारायचं सोडलं, जावईबापू." आणि फोन ठेवला.

शेजारणीकडे जायला मला आणखी आठवडा लागला. ती बटाट्यांना माती लावत होती. मी उभ्यानंच सांगितलं. खुरपं खाली ठेवून ती म्हणाली, "म्हणजे त्याचं काहीच चुकलं नव्हतं?" नव्हतं, म्हणालो. इथे कशालाही 'ग्रँड', म्हणजे ठीक आहे, म्हणायची रीत आहे. ती म्हणाली नाही. मातीच्या हातानं माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. "लाव फोन. आजचं विचार त्याला."

मामांनी उचलला. आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत, डॉक्टरांनी विमान बंद केलंय. मी प्रश्न सांगितला. ते चिडलेच. "हितनं मला तिथलं आभाळ दिसतंय व्हय? तुम्ही बगा आन् सांगा. धूर कसा जातोय?"

मी मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"सरळ जातोय मामा. वारा नाही. ढगही नाही."

शेजारीण माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नीट बघितलंत न्हवं?" मामांनी हळूच विचारलं.

मी पुन्हा एकदा बघितलं.