मुलींनी दात काढावेत, पण कुठले?

आमच्या मराठीत दात काढण्याचे दोन अर्थ आहेत, आणि डेंटल कॉलेजात मुलींच्या वाट्याला त्यातला एकच यायचा. आम्ही मागच्या बाकावर खुसखुसलो की शस्त्रक्रिया विभागाचे सर फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायचे, "मुलींनी असेच दात काढावेत. पेशंटचे काढायला मुलं आहेत." वर्ग हसायचा. आणि मी? मीसुद्धा हसायचे! आज ते आठवलं की सरांपेक्षा माझ्यातल्या त्या लांब वेणीवालीचाच जास्त राग येतो. अगं बये, हसताहेत ते तुलाच, तू कशाला बत्तिशी दाखवतेस?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही गिरगावची खोली विकून जुईनगरला चौथ्या मजल्यावर राहायला आलो होतो आणि कॉलेज घरापासून जवळ होतं. दंतवैद्यक मी घेतलं ते मेडिकल हुकलं म्हणून, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तिसऱ्या वर्षी तुर्भ्याच्या बाजूचा एक ट्रक क्लीनर जबडा मोडून आला. त्याचे वरचे-खालचे दात तारांनी बांधून ठेवले होते. कित्येक दिवस तो बिचारा नळीने पेज ओढत होता. तारा सुटल्यावर त्याने वरणभाताचा पहिला घास घेतला आणि तो मऊ भातसुद्धा चावून चावून खाल्ला. मी समोर उभी होते. तिथेच ठरवलं, पुढे जाऊन हेच करायचं, शस्त्रक्रियाच.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "लहान मुलांच्या दातांचं घे ना. बायकांना बरं ते." कॉलेजात तर सगळी वाटणी आधीच झालेली. मुलीने लहान मुलांचे दात बघावेत, फार हुशार असली तर वाकडे दात तारा लावून सरळ करावेत, हात नाजूक असला तर कवळ्या घडवाव्यात. हिरड्यांचा विभाग कुणालाच नको असायचा, म्हणून तोही आम्हाला मोकळा. शस्त्रक्रियेला मात्र "पॉवर लागते" म्हणे. मग शस्त्रक्रियेच्या ओपीडीत मुलींनी करायचं काय? एका हाताने पेशंटचा गाल ओढून धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या नळीने थुंकी खेचायची. दाढ मुलगा काढणार, आणि शाबासकी त्यालाच.

आता माझी अक्कल बघा. एवढा राग आला तर भांडावं की नाही? मी पॉवर कमवायला निघाले! आमच्याकडे वर पाणी चढत नसे, तर मी खालून भरलेल्या बादल्या चार मजले वाहायला लागले. पहाटे भिजवलेले हरभरे खायचे, ओल्या चादरी पिळून पिळून पार कोरड्या करायच्या. आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, "पोरगी कशी कामाला लागली बघा!" दाढ ओढून काढायची नसते, आधी चिमटा खोल हिरडीखाली दाबायचा, मग दाढ हळूहळू हलवून तिची जागा सैल करायची, हे पुस्तकात छापलेलं होतं. मी ते पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण विश्वास कशावर? सरांच्या त्या पॉवरवर!

इंटर्नशिपच्या वर्षी एकदा शस्त्रक्रियेच्या ओपीडीत गर्दी उसळली, मुलं कमी पडली आणि एक पेशंट माझ्याकडे आली. जवळच्याच शिरवणे गावची एक आजीबाई, गुडघ्यापर्यंत लुगडं, मिश्रीने काळे झालेले दात. खालची दाढ किडून ठणकत होती. मी इंजेक्शन दिलं, चिमट्याने दाढ धरली आणि चारी मजल्यांच्या सगळ्या बादल्या आठवून ओढली.

काड्!

दाढेचं डोकं माझ्या चिमट्यात, दोन्ही मुळं आजीबाईच्या जबड्यात.

सर आलेच. "बघितलंत? म्हणून मी सांगतो. हातात ताकद नाही." आणि माझ्याच बॅचच्या एका मुलाला हाक मारली, "तू घे रे ही केस."

आता हा मुलगा. त्याच सकाळी त्याच्या हातात एक दाढ अश्शीच तुटली होती, गाल धरून मीच उभी होते. तेव्हा सर काय म्हणाले होते? "पेशंटचं हाड फार टणक आहे रे, तू तरी काय करणार!" त्याच्या हातात तुटली तर हाड टणक, माझ्या हातात तुटली तर हात नाजूक! मी चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि बाजूला झाले.

तो मुलगा पुढे वाकला आणि आजीबाईने तोंड मिटून घेतलं.

"आजी, आ करा."

"नाय."

"अहो, मुळं आत राहिलीत."

"माजा तोंड हाय, मना वाटंल तवा उगरीन. सुई टोचली तवा मना कलली पन नाय. या पोरीनंच कारायची. नाय तं मी चालली घरा."

सरांनी समजावलं, दटावलं. म्हातारी ओठ घट्ट मिटून छताकडे बघत बसली. शेवटी सर म्हणाले, "करा मॅडम, करा!" आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

तुटलेल्या मुळांना चिमट्याने धरायला काही उरलेलंच नव्हतं, त्यामुळे ओढायचा प्रश्नच मिटला. बारीक टोकाचं हत्यार हाड आणि मुळाच्या फटीत सरकवलं आणि किल्ली फिरवावी तसं जरासं फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं. एक मूळ आपसूक वर आलं, पाठोपाठ दुसरं. मनगटाचंच काम होतं सगळं. बादल्यांनी दुखावलेली माझी कंबर तेवढी उगाच!

आजीबाई कापूस चावत माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली. सरांनी मुळं ट्रेमध्ये उलटीपालटी करून पाहिली.

"सैलच होती," ते म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवशी मात्र मी हसले नाही.

पुढच्या शिक्षणाच्या मुलाखतीला टेबलामागे तेच सर होते, शेजारी बाहेरून आलेले एक वयस्कर परीक्षक. मार्क माझे चांगले होते. सरांनी प्रेमळ आवाज काढला, "बाळा, लहान मुलांचा विभाग घे. शस्त्रक्रियेत जबडे फोडावे लागतात. उद्या लग्न होईल, सासरचे काय म्हणतील?"

सासूबाई माझ्याकडून जबडा फोडून घेतायत असं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला खुदकन हसू फुटलं.

"दात काय काढतेस?" सर कडाडले.

"अजून कुठे काढतेय, सर? काढू द्याल म्हणून तर ही सीट मागतेय."

वयस्कर परीक्षकांना ठसकाच लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "मूळ तुटलं तर काय करशील?" ते तर मला आता झोपेतही सांगता आलं असतं.

सीट मिळाली. ओपीडीतला तो मुलगाही माझ्यासोबतच लागला. पहिल्या दिवशी मी नवा कोरा पांढरा कोट घालून, छाती पुढे काढून विभागात गेले. खुर्चीत पेशंट तयार होता. सरांनी माझ्याकडे न बघताच माझ्या हातात दिली थुंकी खेचायची नळी, आणि हत्यारांचा ट्रे सरकवला त्या मुलापुढे!

मी क्षणभर नळीकडे बघितलं. मग ती त्या मुलाच्या हातात कोंबली आणि ट्रे माझ्याकडे ओढला.

"धर. आणि गाल नीट ओढ रे, मला आतलं दिसत नाहीये."